पॅलाडिनला जागलीवर बसवतोय, शपथ तपासून द्या

पऱ्हाटी

आमच्या गावात दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रचायची, प्रत्येकाचं त्यात एक पात्र. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आर्णीच्या अलीकडे. खेळणारे पाच, गोष्ट चालवणारा मी. कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत बियाण्याच्या थैल्या बाजूला सरकवल्या की शहाबादी फरशी मोकळी होते. एक फरशी म्हणजे पाच फूट, नकाशाचा खर्च वाचला. फासे ऑनलाइन मागवले, पण मंत्रांचे स्लॉट (दिवसाला किती मंत्र टाकता येतील त्याचा साठा) मोजायला अजून चिंचोकेच. पॅलाडिनने स्माइट मारला की एक चिंचोका स्टीलच्या वाटीत टाकायचा. टण् असा आवाज येतो आणि समोरच्याचं आता काही खरं नाही हे सगळ्यांना कळतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: पॅलाडिन म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. चिलखत घालतो, जखमेवर हात ठेवून बरं करतो (पातळीच्या पाचपट गुण, म्हणजे चौथ्या पातळीला २०; गुण म्हणजे पात्रात जीव किती उरला त्याचा आकडा), आणि वार लागला की स्लॉट खर्चून जास्तीचे फासे टाकतो. हाच तो स्माइट. तिसऱ्या पातळीला तो शपथ घेतो, आणि मग ३, ७, १५ आणि २० या पातळ्यांना त्या शपथेतून त्याला काहीतरी नवीन मिळतं. होमब्रू करायचं म्हणजे ही शपथ आपण घरी लिहायची. आम्ही २०१४ चे नियम वापरतो.

आता अडचण. आमच्यातली एक जण, नुकतीच बारावी झालेली, म्हणाली, "दादा, मले तो चकचकीत चिलखतवाला नको. तो कधी वावरात गेलाच नाही असा दिसते." तिचे बाबा हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला, म्हणजे रात्री वावरात पीक राखायला, जातात, ही संध्याकाळी डबा पोचवते. मला तिथेच धागा सापडला. मचाण, आगटी, ब्याटरी, रिकामा तेलाचा पिपा आणि काठी. रात्रभर बसायचं. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), मारायचं नाही, फक्त आत येऊ द्यायचं नाही. पॅलाडिन आणखी वेगळं काय करतो?

तर "जागलीची शपथ". कलमं तीन. झोपलेल्याला सोडून जायचं नाही. हाकलून भागत असेल तर मारायचं नाही. जे राखतो त्यातलं न विचारता खायचं नाही.

तिसऱ्या पातळीला दोन गोष्टी. एक "हाकारा": पिपा वाजवून ओरडायचं, ३० फुटांतल्या शत्रूंनी विझडमचा सेव्ह (शहाणपणाच्या जोरावर बचावाचा फासा) टाकायचा, चुकला त्याने आपल्या पुढच्या पाळीत जमेल तेवढं लांब पळायचं. दुसरी, स्माइट गोफणीनेही मारता येईल.

सातव्या पातळीला "जागती आभा" (आभा म्हणजे पॅलाडिनच्या आसपास असलेल्यांना मिळणारं बळ): १० फुटांतले साथीदार बेसावध सापडणार नाहीत, आणि इनिशिएटिव्हला (लढाईत आधी पाळी कुणाची, त्या फाशाला) सगळ्यांना बोनस.

शपथेचे मंत्र: तिसरीला अलार्म आणि फेअरी फायर, पाचवीला स्पाइक ग्रोथ (बोराटीचं कुंपण समजा) आणि पास विदाउट ट्रेस, नववीला प्लांट ग्रोथ आणि टायनी हट, म्हणजे आपली खोप. पुढचं लिहिलं नाही. आमचा डाव विसाव्या पातळीला पोचेल तोवर माझी पोरं लग्नाची होतील, आणि माझंच अजून व्हायचंय.

कुठे कुठे फाटतंय ते सांगा.

राजेहो_वीस

प्लांट ग्रोथ वाचला म्या. आठ तास बसून मंत्र म्हटला का अर्ध्या मैलाच्या घेरात वर्षभर दुप्पट पीक. बाप्पा! दुप्पट पीक आलं तं भाव काय राहीन? तुह्या पॅलाडिनले गावातलेच लोक हाकारा करून पयवतीन. हमीभाव वाढवाचा मंत्र असन तं सांग, मी आजच शपथ घेतो.

रूलबुक_रावसाहेब

कल्पना आवडली, पण सातव्या पातळीची आभा बाद. २०२० साली आलेल्या वॉचर्स शपथेत नेमकं हेच आहे: सातव्या पातळीला १० फुटांत, आपल्याला हव्या त्या सगळ्यांना, इनिशिएटिव्हला प्रोफिशिअन्सी बोनस (पातळीबरोबर वाढणारा). अलार्मही त्यांच्या मंत्रांत आहे. ते परलोकातल्या प्राण्यांवर पहारा देतात, तुम्ही रोह्यांवर, एवढाच फरक उरतो. नकळत झालं असेल, पण ज्याने ती शपथ वाचलीय तो पहिल्या ओळीत पकडेल.

बेसावध न सापडण्याचं काय? आभा ही पॅलाडिनची मुख्य कमाई असते. सहावीला सगळ्यांच्या सेव्हला त्याचा करिझ्मा (व्यक्तिमत्त्वाचा आकडा) मिळतो, तोही १० फुटांत. सातवीची आभा त्याच्या बरोबरीने उभी राहायला हवी. एन्शंट्स शपथेचा पॅलाडिन सातवीला मंत्रांचं नुकसान निम्मं करतो, तेही सगळ्यांसाठी. तुमची आभा कामाला येणार कधी, तर कुणी दबा धरून बसला असेल तेव्हा. चार शनिवार दबा धरणारा आलाच नाही तर?

गोफणीबद्दल रात्री सविस्तर लिहितो. तो खरा वादाचा मुद्दा आहे.

बोरूबहाद्दर

सगळं ठीक, पण "पॅलाडिन" हा शब्द घशात अडकतो. मराठीत काहीच नाही का? धर्मवीर?

पऱ्हाटी

काका, धर्मवीर म्हटलं की बॅनर डोळ्यापुढे येतं. आम्ही डावात "राखणदार" म्हणतो, नियम वाचताना पॅलाडिन. कुणाचं अडत नाही.

झाडीपट्टी

शब्दांचं माझं एक गणित आहे. देवाशी सौदा करणारा तो नवसवाला: काम कर, बोकड देतो. खेळात त्याला वॉरलॉक म्हणतात. पूजा करणारा पुजारी, तो क्लेरिक. आणि काही न मागता स्वतःला बांधून घेणारा तो व्रतवाला. पॅलाडिन म्हणजे व्रत. २०१४ च्या पुस्तकात तर म्हटलंय की त्याचं बळ जेवढं देवाकडून येतं तेवढंच न्यायाशी असलेल्या बांधिलकीतून येतं. म्हणजे देव नसला तरी चालेल, व्रत मोडलं तर नाही चालणार.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, घोडा. पाचव्या पातळीला पॅलाडिनला फाइंड स्टीडने वाहन मिळतं. यादीत घोडा, तट्टू, उंट, सांबरासारखा एल्क, मोठा कुत्रा. बैल नाही! तुमच्या गावात बैल नसेल तर कुठे असेल? युद्धाच्या घोड्याचे आकडे उचला. वेग ६० वरून ४० करा. वीस फूट सरळ धावत येऊन धडक दिली तर समोरचा डीसी १४ चा (म्हणजे १४ किंवा जास्त हवेत असा) स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा, सेव्ह चुकल्यावर आडवा, हे तसंच ठेवा, बैलाला ते शोभतं. मंत्राला १० मिनिटं लागतात. त्या १० मिनिटांत खेळाडूने खांदशेकणी करायची, हळद-तूप चोळायचं, आणि पोळ्याच्या आदल्या रात्री म्हणतो तसं म्हणायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. म्हटल्याशिवाय बैल येणार नाही.

अवांतर: आमच्या वडशाकडे दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं चालतात. तिथे खलनायकाचा आवाज मागच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, माइक असो नसो. हाकारा करणाऱ्या खेळाडूला खरंच ओरडायला लावा.

पऱ्हाटी

बैल मंजूर. ओरडणं नामंजूर, रात्री अकराला शेजारचे काका काठी घेऊन येतात. तेही राखणदारच.

रूलबुक_रावसाहेब

गोफण. २०१४ च्या नियमात दैवी स्माइट फक्त हातघाईच्या शस्त्राने लागतो. हे चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम आहे. पॅलाडिनला स्माइट, आभा, बरं करणं, जड चिलखत, सगळं दिलंय. त्याचं एकच दुखणं म्हणजे लांबच्या शत्रूपुढे तो हात चोळत बसतो. ते दुखणं तुम्ही गोफणीने काढून घेतलंत तर गटातल्या धनुर्धाऱ्याने काय करायचं?

हिशेब पहा. पहिल्या दर्जाच्या स्लॉटचा स्माइट २ डी८ (आठ बाजूंचे दोन फासे), सरासरी ९. तिसऱ्या पातळीला तीन स्लॉट. म्हणजे ३० फुटांवरून, स्वतः सुरक्षित राहून, दिवसाला २७ नुकसान फुकट. शिवाय समोर भुताखेतातला किंवा सैतानी प्राणी असेल तर प्रत्येक स्माइटला आणखी एक डी८.

२०२४ च्या आवृत्तीत तर त्यांनी स्माइटला आणखी आवळलंय. तो आता मंत्रच केलाय, बोनस अॅक्शन लागते, म्हणजे एका पाळीत एकदाच. जिथे मूळ लेखकच दोर आवळतायत तिथे तुम्ही सैल सोडताय.

राजेहो_वीस

रावसाहेब, तुमी कधी गोफण फिरवली काय? पयल्या दिवशी गोटा मांगं जाते. माह्याच डोक्यात बसला होता.

पऱ्हाटी

रावसाहेब, हिशेब मान्य, पण निकाल नाही. या शनिवारी खेळून पाहिलं, तेच लिहितो.

गोफणीला डेक्स्टेरिटी (चपळाई) लागते. राखणदार स्ट्रेंग्थचा बनवलेला, त्यामुळे पाचातले दोन दगड वाया. हा पहिला ब्रेक. दुसरा मला सुचलाच नव्हता, फरशीवर दिसला. ओढ्याच्या पलीकडे तीन लांडगे. राखणदार गोफण घेऊन मागे, पाच-सहा फरश्या अंतरावर. बाकीच्यांतले तिघे पुढे. पुढच्यांवर शत्रूच्या चेटकिणीने मंत्र टाकला आणि तिघेही सेव्ह चुकले, दोघे तर एकेका गुणाने. सहाव्या पातळीची आभा १० फूट, म्हणजे दोन फरश्या. ती तिघांपर्यंत पोचतच नव्हती. खोलीत एकदम शांतता. मग आमचा फायटर, पंचायतीत ऑपरेटर आहे, बोट दाखवून म्हणाला, "तू तिथे उभी राहून दगड मारत होती म्हणून आम्ही झोपलो."

मला वाटतं गोफणीला वेगळं दुखणं द्यायची गरजच नाही. गोफण घेतली की आभा साथीदारांवरून उठते. पुढे ये, तर दगड मारण्यात अर्थ नाही. मागे रहा, तर साथीदार उघडे. दर पाळीला तिला निवडावं लागतं. तरी तुमच्या शब्दाला मान म्हणून फासे डी८ ऐवजी डी६ केले. २ डी६ म्हणजे सरासरी ७. पाळीत एकदाच.

रूलबुक_रावसाहेब

हे बरोबर आहे. कागदावर मला दिसलं नव्हतं. सहाव्या पातळीच्या आधी मात्र ब्रेक फक्त डेक्स्टेरिटीचा उरतो, तेव्हा गोफणीचा स्माइट तिसरीऐवजी सहावीनंतर द्या.

पऱ्हाटी

शपथेचं तिसरीनंतर काही मिळतं ते सातवीलाच. मग सातवीला गोफण, आणि तिसरीला हाकाऱ्याबरोबर दुसरं काहीतरी. शोधतो.

निळाई

मी वर्ध्याहून. खेळत नाही, धाकटा भाऊ खेळतो, त्याने हा धागा दाखवला. एक गोष्ट टोचली म्हणून लिहितेय, राग मानू नका.

"जागल" म्हटलं की तुम्हाला मचाण आणि चांदणं दिसतं. आमच्या आजोबांच्या पिढीला गावकीची कामं दिसायची. गावाची राखण, निरोप पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, हे व्रत नव्हतं, जन्माने कपाळी मारलेलं होतं, आणि बदल्यात शिळी भाकर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते काही उगाच नाही. ते वतनाला गुलामगिरीच म्हणत होते. आता तुम्ही त्याच कामाला "पवित्र" म्हणून चकाकी चढवता तेव्हा, राखणाऱ्याला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न गाळला जातो.

शपथच हवी असेल तर विदर्भात एक मोठी शपथ आहे. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, २२ प्रतिज्ञा. आमच्या घरात भिंतीवर आहेत. त्यांचा खेळ करा असं अजिबात म्हणत नाहीये, करू नका. पण त्या वाचल्या तर शपथ कशी असते ते कळेल. त्यात अर्ध्याअधिक जागी "मी अमुक करणार नाही" आहे. ज्याने घेतली त्याने स्वतः उभं राहून घेतली, आणि घेताना जुनं काहीतरी खाली ठेवलं.

बोरूबहाद्दर

ताई, खेळ आहे हो. प्रत्येक ठिकाणी हे आणायलाच हवं का?

पऱ्हाटी

काका, थांबा. निळाईताई बरोबर बोलतायत, आणि नुसतं बरोबर नाही, माझ्या आराखड्यातलं मोठं भोक त्यांनी दाखवलं. मी तीन कलमं लिहिली, पण ती शपथ घेतली कुणी आणि का, याला जागाच ठेवली नाही. तिसरी पातळी आली, शपथ लागली, जशी शाळेत टी.सी. मिळते.

आता तिसऱ्या पातळीचा नियम असा लिहितोय. शपथ घेण्याआधी गोष्ट चालवणाऱ्याने खेळाडूला गटासमोर विचारायचं: ही जागल तुझ्या वाट्याला आली की तू मागून घेतलीस? "वाट्याला आली" असं उत्तर असेल तर शपथ लागत नाही. तो पात्र म्हणून राखण करेल, पण दैवी बळ मिळणार नाही. त्याने आधी ती राखण सोडायची. खाली ठेवायची. मग वाटलं तर स्वतःच्या पायाने परत यायचं, आणि ज्यांची राखण करायची त्यांनी जेवायला वाढलेलं असलं पाहिजे, शिळं नाही. हे शेवटचं तुमच्या ओळीवरून घेतलं.

निळाई

शिळं नाही. ठीक आहे. भावाला सांगते.

खराटा

गाडगेबाबांना विसरलात की काय? शेंडगावचा माणूस (१८७६ ते १९५६), एका गावात येणार, आधी खराट्याने गाव झाडणार, मग रात्री कीर्तन. याहून मोठा पॅलाडिन कोण? "खराट्याची शपथ" लिहा. स्माइट खराट्याने. डोक्यावर गाडगं म्हणजे हेल्मेट.

पऱ्हाटी

खऱ्या माणसाला हिट पॉइंट्स लावायचे नाहीत, हा आमच्या खोलीतला पहिला नियम. पाया पडू दिलं नाही ज्यांनी, त्यांना आर्मर क्लास देणारे आपण कोण. पण झाडणं आधी, बोलणं नंतर, हा क्रम घेण्यासारखा आहे. राखणदार नव्या गावात गेला की आधी त्या गावचं एक खालच्या दर्जाचं समजलं जाणारं काम करायचं, मगच तिथे हाकारा चालेल. चाखून बघू.

रूलबुक_रावसाहेब

हाकाऱ्यावर एक शंका. सगळ्या प्रकारच्या शत्रूंना पळवतो? डिव्होशन शपथेचा त्यातला प्रकार फक्त भुतं आणि सैतानी प्राण्यांवर चालतो. काँक्वेस्टचा सगळ्यांवर चालतो आणि मिनिटभर घाबरवतो. तुमचा मधला कुठे बसतो?

पऱ्हाटी

सगळ्यांवर, पण एकाच पाळीपुरता. आणि आवाज ३०० फुटांपर्यंत जातो, थंडरवेव्ह मंत्राचा जातो तसा. पिपा वाजवला की समोरचे तिघे पळाले, पण टेकडीपलीकडच्या सातांना पत्ता लागला. जागलीवर हे नेहमी होतं: आपल्या वावरातला कळप हाकलला की तो शेजाऱ्याच्या तुरीत घुसतो, आणि सकाळी शेजारी बांधावर उभा.

राजेहो_वीस

उभा नाई रायत, शिव्या देते.

माळकरी

पहिल्यांदाच लिहितोय. शपथ मोडण्यावर कुणीच बोललं नाही. आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ. माळ म्हणजे मांस-मच्छी नाही, एकादशी, जमेल तशी वारी. आमच्या गावात एक गृहस्थ (नाव नको) श्रावण संपला की माळ काढून खुंटीला लावतात, रस्सा ओरपतात, आंघोळ करून परत घालतात. त्यांचं म्हणणं, माळ गळ्यात नव्हती, तर मोडली कुठे? तुमच्या नियमात अशा माणसाचं काय होतं?

रूलबुक_रावसाहेब

पॅलाडिनच्या इतिहासात हाच प्रश्न सगळ्यात जास्त तापलाय. हा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, पहिल्यांदा १९७५ च्या पुरवणीत आला. १९७८ च्या नियमांत पॅलाडिन माणूसच हवा, सदाचारी आणि शिस्तीचाच हवा, करिझ्मा किमान १७, जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत, कमाईतला दहावा हिस्सा दान. जाणूनबुजून वाईट कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं, परत नाही. शिस्तीबाहेर वागला तर वरच्या पातळीच्या क्लेरिकपुढे कबुली आणि प्रायश्चित्त. त्यामुळे टेबलाटेबलावर गोष्ट चालवणारे पॅलाडिनला पकडायला सापळे लावत बसायचे, आणि भांडणं व्हायची.

२०१४ मध्ये ते सैल केलं. मोडली तर क्लेरिककडे जा, नाहीतर प्रायश्चित्त म्हणून उपास कर, किंवा रात्रभर जागून प्रार्थना कर. पश्चात्तापच नसेल तर वर्ग सोडावा लागेल, किंवा ओथब्रेकर, म्हणजे शपथ मोडलेला पॅलाडिन, व्हावं लागेल.

खुंटीवाले गृहस्थ २०१४ च्या नियमात आरामात बसतात, १९७८ च्या नियमात पहिल्याच रश्श्याला गेले.

पऱ्हाटी

रात्रभर जागून प्रार्थना! रावसाहेब, हे मी वाचलं होतं आणि डोळ्यासमोरून गेलं होतं. इतरांची जी शिक्षा, ते आमच्या राखणदाराचं रोजचं काम. मग त्याचं प्रायश्चित्त उलटं हवं ना? त्याने शपथ मोडली तर त्याला झोपावं लागेल. आणि त्या रात्री दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी जागायचं.

थांबा, यात सातव्या पातळीचं काहीतरी आहे. दुकान उघडायची वेळ झाली, रात्री लिहितो.

पऱ्हाटी

रात्र झाली. गोफणीबरोबर सातवीची नवी आभा अशी, नाव "उसनी झोप".

१० फुटांतला साथीदार शून्यावर येणार असेल तर राखणदार आपली रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी चटकन कृती) वापरून त्याला एका गुणावर उभा ठेवतो. बदल्यात राखणदाराला थकव्याची एक पायरी लागते. थकव्याच्या पायऱ्या सहा: पहिलीला क्षमतेच्या चाचण्या अवघड, दुसरीला वेग निम्मा, तिसरीला वार आणि सेव्ह दोन्ही अवघड, चौथीला एकूण गुण निम्मे, पाचवीला पाय जागचे हलत नाहीत, सहावीला मरण. पूर्ण रात्रीच्या विश्रांतीने एकच पायरी उतरते. दिवसात किती वेळा वापरायची याला मर्यादा लिहिली नाही, मर्यादा तिच्या अंगात आहे.

आणि पोटनियम: ही पायरी नुसतं झोपून उतरत नाही. त्या रात्री गटातल्या दुसऱ्याने तिच्या जागी जागायचं. जागणाऱ्याला त्या रात्रीचा विश्रांतीचा फायदा नाही, त्याचे मंत्र आणि गुण परत येत नाहीत. कुणी तयार नसेल तर पायरी तशीच.

रूलबुक_रावसाहेब

रिडेम्पशन शपथेत सातवीला १० फुटांतल्याचं नुकसान स्वतःवर घेता येतं, त्याच्या जवळ जातंय, पण हे वेगळं आहे. तिथे गुण जातात आणि क्लेरिक भरून देतो. इथे भरून द्यायला दुसऱ्याची रात्र लागते. मला नावं ठेवायला जागा सापडत नाहीये, याचा त्रास होतोय. एकच: ग्रेटर रेस्टोरेशन मंत्राने थकव्याची पायरी उतरते. तो वापरता येईल की नाही ते लिहून ठेवा, नाहीतर नवव्या पातळीचा क्लेरिक तुमचा पोटनियम खिशात घालेल.

पऱ्हाटी

लिहितो: उतरत नाही. क्लेरिकने जागायचं असेल तर जागावं.

झाडीपट्टी

पीडीएफ करून वाटणार का? विचारायचं कारण, मंत्रांचं पूर्ण वर्णन त्यात टाकू नका. जानेवारी २०२३ मध्ये मूळ नियमांचा जो मोफत भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, त्यात शपथ एकच आहे, डिव्होशन. श्रेय देऊन तेवढं वापरता येतं. वॉचर्स, रिडेम्पशन वगैरेंचा मजकूर उचलायचा नाही. तुमचं तुमच्या शब्दांत आहे, अडचण नाही.

पऱ्हाटी

दोन पानं होतील. तालुक्याला झेरॉक्स काढतो.

चिंचोका

मी ती बारावीवाली. दादाने लिंक पाठवली, सगळं वाचलं. कालचा डाव दादाने लिहिला नाही म्हणून मी लिहिते.

आम्हाला सातव्या पातळीला नेलं होतं, उसनी झोप तपासायला. देवळाच्या पडवीत लढाई. लाइट गेली, मोबाइलच्या टॉर्चवर फासे बघत होतो. ऑपरेटरदादा पडणार होता, मी उभं ठेवलं. मग चेटकीणवाली ताई, तिलाही. मग परत ऑपरेटरदादा. तीन पायऱ्या. त्यानंतर माझा प्रत्येक वार दोनदा टाकून कमीचा घ्यायचा, एकही लागला नाही. चिंचोके तसेच पुढे पडून, वाटीत एकही वाजला नाही. जिंकलो ते बाकीच्यांमुळे.

मग दादाने विचारलं, रात्री जागणार कोण. सगळे आपापल्या कागदाकडे बघायला लागले, कारण सगळ्यांचे मंत्र संपलेले आणि सकाळी परत लढाई. ऑपरेटरदादाचे तर चारच गुण उरले होते. तो म्हणाला, "मी बसतो. पण पिपा कुठाय तो दाखव आधी."

निळाईताई, तुमचा तो प्रश्न दादाने मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी पटकन "मागून घेतली" म्हटलं होतं. घरी येऊन बाबांना विचारलं, तुमची जागल कोणती? ते म्हणाले, "डुकरानं सांगितली." दादा, असं उत्तर आलं तर नियमात काय बसतं?

राजेहो_वीस

तुह्या बाबाले पयले डावात घ्या बे.

पऱ्हाटी

शनिवारी त्यांची पाळी आहे वावरात. रविवारी विचारतो.